गोळी कोणाची, हे आईला विचारू नका

‘तुझा पोरगा पोलिसांचा खबऱ्या होता का?’ असं तोंडावर कोणी विचारत नाही. पण भेटायला आलेल्याच्या नजरेत तेच असतं. माझ्या मोठ्या पोराला नक्षल्यांनी रात्री घरातून बोलावून नेलं. सकाळी तो गावाबाहेरच्या वाटेवर सापडला, अंगावर चिठ्ठी ठेवलेली. तो खबऱ्या नव्हता, हे मी येईल त्याला सांगत बसायची. रडायचं राहून जायचं आणि साक्षच चालू राहायची. ज्या बाईवर अशी वेळ येईल तिला माझं पहिलं सांगणं हेच की, बाई, तू कोर्टात उभी नाहीस. पोरासाठी रडायला त्याचा निर्दोषपणा सिद्ध करावा लागत नाही.

मातीला माणसं कमी आली म्हणून गावावर राग धरू नका. अशा घरी जाणाऱ्यावरही नजर राहते, ही भीती खोटी नाही. नंतर अंधार पडल्यावर मागच्या दाराने तांदूळ आणून देणाऱ्या बाया याच गावातल्या होत्या.

आमच्याकडे गडचिरोलीत दुःखाचीही वाटणी झालेली आहे. एप्रिल 2018 मध्ये बोरिया-कसनासूरच्या चकमकीत नक्षलवादी मारले गेले, इंद्रावतीतून मृतदेह काढले, आणि आपलं लेकरू त्यात आहे का हे पाहायला आईबाप आले. जानेवारी 2019 मध्ये त्याच कसनासूरच्या तिघांना खबरे ठरवून मारलं. पुढे 1 मे रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात 15 जवान आणि गाडीचा चालक गेला. जवानाच्या आईला सलामी मिळते, ती मिळायलाच हवी. बाकीच्या दोघी, नक्षल्याची आई आणि खबऱ्या ठरवलेल्याची आई, मान खाली घालून बाजार करतात. मला सगळ्यात जास्त समजून घेतलं ते एका जवानाच्या आईने. आम्ही दोघी मोहफुलाच्या भावावर बोलतो, पोरांवर क्वचितच.

कागदांचं मात्र मौत झाली त्याच आठवड्यात पाहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. पोस्टमार्टमचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला जपून ठेवा. आमच्याकडे एकाच माणसाचं नाव शाळेत एक, आधारवर दुसरं आणि गावात तिसरंच असतं. एफआयआरमध्ये आधारवरचंच नाव लिहायला लावा, नाहीतर पुढे प्रत्येक खिडकीवर ‘हा तो नव्हेच’ ऐकावं लागतं. नक्षली हिंसेत मेलेल्या नागरिकांच्या कुटुंबासाठी केंद्राची 2008 पासूनची योजना आहे, मदत आता पाच लाख आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून पुढे जातो. घरात सुशिक्षित कोणी नसेल तर अंगणवाडीताईला सोबत न्या. मी स्वतः सेविका होते, तरी त्या दिवसांत मला साधा अर्ज वाचता येत नव्हता.

पैसा आला की नातेवाईक येतात. सून असेल तर तो तिचा आणि नातवंडांचा, हे चार लोकांसमोर आधीच बोलून टाका. सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका.

धाकट्यावर लक्ष ठेवा. आपण मेलेल्याचा फोटो पाहत बसतो आणि जिवंत पोरगा आतून पेटत असतो. पोलीस भरतीला जायचं तर पगारासाठी जा, सुडासाठी नको, एवढं मी माझ्या धाकट्याला बजावलं. तो गेला नाही. चंद्रपूरला गॅरेजात आहे.

कुत्रं भुंकलं की मी अजून उठून बसते. भीती जावी म्हणून गावच्या पुजाऱ्याने जे केलं ते मी करू दिलं, त्यात वाईट काही नाही. पण झोप उडाली, जेवण तुटलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. 14416 हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपती आणि त्याच्यासोबतच्या 60 जणांनी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर बंदुका ठेवल्या. बरं झालं. शरण आलेल्याला नवं आयुष्य द्या, माझी ना नाही. पण खबऱ्या म्हणून मारलेल्यांची नावंही कोणीतरी गावात उभं राहून मोठ्याने निर्दोष म्हणून घ्यावीत, हे अजून बाकी आहे.

आणि शेजाऱ्यांनो, तुमच्या गावात अशी मौत झाली तर तेरवीची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा, पुढच्या दाराने जा.