अल्प मात्रेतील स्टेरॉईड आणि नैराश्य : एक विचार

मनाचे विकार आणि शरीरातील रसायने यांचे नाते कोणते, हा प्रश्न मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षापासून भेडसावत असतो. नैराश्याची कारणे वाचताना एका प्रकरणात बालपण येते, दुसऱ्यात बेकारी, तिसऱ्यात मेंदूतील द्रव्ये. आणि परीक्षेत तिन्ही लिहिली की गुण मिळतात. परंतु एखादी गोळी समोर ठेवून ‘ही दिल्याने नैराश्य जाईल काय?’ असे कोणी विचारले, तर पाठ केलेली उत्तरे उपयोगी पडत नाहीत. तेथे पुरावा तोलावा लागतो. प्रस्तुत लेखात अशाच एका गोळीचा विचार करावयाचा आहे. ती गोळी स्टेरॉईडची. तीही थोड्या मात्रेतली.

स्टेरॉईड म्हटले की व्यायामशाळेतील फुगवलेले दंड काहींच्या डोळ्यांपुढे येतील. ती जात वेगळी. येथे अभिप्रेत आहे ते कॉर्टिसॉल आणि त्याचे कृत्रिम भाऊबंद : हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. पहाटे ते वाढू लागते, जाग येण्याच्या सुमारास सर्वात अधिक असते आणि रात्री अगदी कमी होते. संकटाच्या वेळी ते एकदम वाढते. मेंदूतील पियुषिका ग्रंथी या कामावर देखरेख करते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे आहे असे दिसताच ती अधिवृक्काला ‘आता पुरे’ असा निरोप देते. ही देखरेख लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा घोटाळा तेथेच आहे.

आपल्या सोलापुरात ही औषधे नवीन नाहीत. नाव ठाऊक नसले तरी गुण ठाऊक आहे. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायांची कंबर आणि यंत्रमागावर पाळी करणाऱ्यांचे गुडघे दुखल्यावाचून राहत नाहीत. मग कोणीतरी पुडीत बांधलेल्या बिननावाच्या गोळ्या आणून देते. माझ्या नात्यातील एक मावशी अशा पुड्या दोन वर्षे घेत होत्या. पुढे तोंड सुजल्यासारखे गोल झाले, साखर निघाली. एका लग्नासाठी आठ दिवस परगावी गेल्या, पुड्या घरीच राहिल्या, आणि तेथे त्या उलट्या होऊन अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी पुडीत काय असावे ते ओळखले, तेव्हा घरच्यांना उलगडा झाला. नंतर त्या म्हणाल्या, “दुखणं तर थांबलंच होतं, पण जिवालाबी बरं वाटायचं बघ. सकाळी उठून काम करावं वाटायचं.” हे वाक्य मला विसरता येत नाही. कारण ‘जिवाला बरं वाटणं’ हेच तर नैराश्याच्या रुग्णाला हवे असते. मग मावशींना जे वाटले तो उपचार होता की भास?

हा अनुभव एकट्या मावशींचा नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. काही दिवसांतच ती चालू फिरू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सांधे मोकळे होण्याबरोबर अनेक रुग्ण अतिशय आनंदी होत, झोप कमी झाली तरी थकत नसत, असेही डॉक्टरांच्या ध्यानात आले. पण याच रुग्णांपैकी काही भ्रमिष्ट झाले, काही खोल खिन्नतेत गेले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका मोठ्या पाहणीत प्रेडनिसोनची रोजची मात्रा ४० मिलिग्रॅम वा त्याहून कमी असलेल्या रुग्णांपैकी १.३ टक्के लोकांना मानसिक त्रास झाला; ८० मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांत हेच प्रमाण १८.४ टक्के निघाले. म्हणजे मात्रा वाढते तसा मनाला धोका वाढतो. येथेच अल्प मात्रेच्या पुरस्कर्त्यांना आशेची फट दिसते : धोका मात्रेचा असेल, तर मात्रा लहान ठेवून आनंद तेवढा पदरात पाडून घेता येणार नाही काय?

ही आशा वेडगळ नव्हे. क्षयावरील आयप्रोनियाझिड या औषधाने १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रुग्णालयातील क्षयरोगी उल्हसित झालेले दिसले आणि त्यातूनच नैराश्यावरील औषधांची एक शाखा निघाली. उलट बाजूचे उदाहरण आपल्या मुंबईचे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रेसरपिनने काही रुग्णांना नैराश्य येते असे आढळले आणि मेंदूतील रसायनांच्या उपपत्तीला त्यातून बळ मिळाले. (या आरोपातील काही भाग अतिरंजित होता असे नंतरचे अभ्यासक म्हणतात, हेही सांगितले पाहिजे.) तेव्हा एका रोगावरच्या औषधाने मनाविषयी काही शिकवणे, हे वैद्यकात अनेकदा घडले आहे.

आता प्रत्यक्ष पुरावा. अमेरिकन वैद्य विल्यम जेफरीज यांनी १९८१ मध्ये एका पुस्तकात असे प्रतिपादन केले की, शरीर रोज जेवढे कॉर्टिसॉल बनवते त्याहून कमी मात्रा, साधारण पाच-पाच मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा दिली, तर ती सुरक्षित असते आणि थकव्यासारख्या अनेक तक्रारींत उपयोगी पडते. जेफरीज यांची बाजू मुख्यतः स्वतःच्या रुग्णांच्या अनुभवावर उभी आहे. अनुभव खोटा असतो असे नाही. पण आपुलकीने पाहणाऱ्या वैद्याकडे गेल्यानेही रुग्णाला बरे वाटते, आणि नैराश्याचे झटके पुष्कळदा आपणहून ओसरतात. म्हणूनच निम्म्या रुग्णांना खरे औषध, निम्म्यांना खोटी गोळी, आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरालाही ठाऊक नाही, अशी कसोटी लावावी लागते.

तशा कसोट्या झाल्या, पण थोड्या. १९९५ मध्ये ३७ रुग्णांना चार दिवस रोज ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन किंवा खोटी गोळी दिली गेली. दोन आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी ३७ टक्के सुधारले होते, दुसऱ्या गटातील ६ टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु ३७ टक्के म्हणजे एकोणीस माणसांतली सात! शिवाय डेक्सामेथासोनचे पाऊण मिलिग्रॅम हे प्रेडनिसोलोनच्या पाच मिलिग्रॅमइतके जोरकस असते. तेव्हा ४ मिलिग्रॅम ही अल्प मात्रा मुळीच नव्हे. आणि औषध चारच दिवस दिले होते. या प्रयोगावरून ‘थोडे स्टेरॉईड रोज घ्यावे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका रात्रीच्या पावसावरून बारमाही नदीचा अंदाज बांधणे होय. २००० साली दुसऱ्या एका प्रयोगात हायड्रोकॉर्टिसोन एकदाच शिरेतून दिल्यावर दुसऱ्या दिवशी नैराश्य कमी झालेले आढळले. पुढच्या आठवड्यांचे काय, हा प्रश्न तेथेही उरतोच.

दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांवरचे प्रयोग अधिक बोलके आहेत. १९९८ च्या अमेरिकन चाचणीत रोज २५ ते ३५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनने किंचित सुधारणा दिसली, परंतु बऱ्याच रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावल्या, म्हणून संशोधकांनी हा उपचार नको असे म्हटले. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये ५ ते १० मिलिग्रॅमच दिले. थकवा काहीसा कमी झाला, पण तेही महिनाभराचेच काम होते. ‘आता पुरे’ हा निरोप बाहेरून आलेल्या गोळीमुळेही जातो, आणि ग्रंथी काम सोडून देतात. मावशींना लग्नघरी जे झाले ते हेच.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. तीव्र नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत कॉर्टिसॉल कमी नसून जास्त असते. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल यांनी रात्री डेक्सामेथासोन देऊन दुसऱ्या दिवशी रक्त तपासण्याची जी परीक्षा प्रचारात आणली, तिच्यात अशा अनेक रुग्णांचे कॉर्टिसॉल दबत नाही असे दिसले. कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या रोगात शरीर स्वतःच कॉर्टिसॉलचा पूर आणते, आणि त्या रुग्णांत नैराश्य अतिशय आढळते. मग आधीच पूर असलेल्या घरात आणखी पाणी का सोडावे? काहींनी उलट कॉर्टिसॉल घटवून पाहिले. पण मेटिरॅपोन या औषधाची २०१६ साली प्रसिद्ध झालेली मोठी ब्रिटिश चाचणीही अपयशी ठरली. म्हणजे कॉर्टिसॉल हा नैराश्याचा साक्षीदार असेल, गुन्हेगारच आहे असे सिद्ध झालेले नाही.

स्टेरॉईड वाईट, असे माझे म्हणणे नाही. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील चाचणीने दाखवले की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील करोनाच्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र काही लाभ नाही. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने काळ्या बुरशीचे रुग्ण पाहिले, कुणाचा जबडा गेला, कुणाचा डोळा. मधुमेह आणि स्टेरॉईडचा अवाजवी वापर ही त्यामागची ठळक कारणे होती. औषध तेच, फरक कोणाला, केव्हा आणि किती एवढाच.

आणि ‘कोणाला’ या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या अगदी जवळचे आहे. १८५५ मध्ये थॉमस ॲडिसन यांनी अधिवृक्क निकामी झालेल्या रुग्णांचे वर्णन केले; त्यांत क्षयाने त्या ग्रंथी पोखरलेले रुग्ण होते, आणि आपल्या देशात क्षय अजून हटलेला नाही. तसेच बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला तर पियुषिका ग्रंथी सुकून जाते. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, थंडी सोसत नाही, सणासुदीला अंगावर नवे लुगडे घालावेसे वाटत नाही. घरचे तिला आळशी म्हणतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतात, आणि शिकलेले लोक ‘डिप्रेशन’ म्हणून मोकळे होतात. तिला मात्र खरोखर अल्प मात्रेतील हायड्रोकॉर्टिसोनच लागते, पाठोपाठ थायरॉईडची गोळी; क्रम उलटा केला तर जिवावर बेतू शकते. तेथे ही गोळी मन उल्हसित करण्यासाठी नसते, शरीराने बंद केलेला पुरवठा भरून काढण्यासाठी असते, आणि ती जन्मभर चालते. तेव्हा बाळंतपणापासून मलूल झालेल्या, वजन आणि रक्तदाब उतरलेल्या स्त्रीस मनोविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात आणले, तर ‘बाळंतपणात रक्त फार गेले होते काय?’ हे विचारावयास अर्धे मिनिट पुरते, आणि सकाळी आठच्या सुमारास रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजता येते.