ज्याची त्याची खूण

रात्रीची जेवणे झाली. आपण ओट्यावर येऊन बसलो. बाहेर मिट्ट काळोख आहे. कोपऱ्यात रातकिडा किर्र किर्र करतो आहे. दिव्याभोवती पाखरे घिरट्या घालीत आहेत.

मंडळी, एवढ्या काळोखात एवढ्याशा किड्याला आपल्या जातीची मादी कशी सापडत असेल बरे? रानात शेकडो जातींचे किडे असतात. कितीतरी एकमेकांसारखे दिसतात. तरी ते सहसा चुकत नाहीत. ते कसे?

उत्तरेश्वराच्या यात्रेत पोर हरवते. गर्दीत ते दिसत नाही. पण त्याची हाक कानी आली की आई म्हणते, "हा माझाच!" किड्यांचेही असेच आहे. प्रत्येक जातीची एक खूण ठरलेली असते. कुणाची खूण आवाज, कुणाची उजेड, तर कुणाची वास.

रातकिड्याची खूण आवाज. ओरडतो तो नर. तो तोंडाने ओरडत नाही. एक पंख दुसऱ्या पंखावर घासून आवाज काढतो. मादीचे कान असतात पुढच्या पायांवर! प्रत्येक जातीचा ताल निराळा. मादी आपल्या जातीचा ताल ऐकते आणि तिकडेच जाते.

काजव्याची खूण उजेड. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याकडे झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. हा उगीच केलेला थाट नव्हे. कुणी भरभर लुकलुकतो, कुणी थांबून थांबून. त्यावरून जात ओळखू येते.

पतंगाची खूण मात्र वास. ही खूण आपल्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. पण शेतकऱ्याच्या कामाची आहे ती हीच.

मादी पतंग रात्री एका जागी बसते. पोटाच्या टोकातून अगदी थोडा वास सोडते. वारा तो वास दूर नेतो. नराच्या डोक्यावर दोन मिशा असतात. त्या मिशांना वास कळतो. मग वाऱ्याच्या तोंडाने उडत नर मादीपाशी पोचतो.

हा वास कशाचा, हे शोधायला फार कष्ट पडले. जर्मनीत बुटेनांट नावाच्या शास्त्रज्ञांनी सुमारे 20 वर्षे खटपट केली. रेशमाच्या सुमारे 5 लाख पतंगांतून त्यांनी चिमूटभर द्रव्य काढले. 1959 साली त्यांनी ते जगापुढे मांडले.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. बहुतेक पतंगांचा वास एकाच द्रव्याचा नसतो. ते मिश्रण असते. आपल्या काळ्या मसाल्यासारखेच. जिन्नस तेच, पण प्रमाण बदलले की चव बदलते. हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या पतंगाचे पाहा. त्याच्या वासात मुख्य द्रव्ये दोन. एक शंभरात सुमारे 97 भाग, दुसरे फक्त 3 भाग. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीची द्रव्ये वेगळी. तिथे दोन्ही जवळजवळ निम्मी निम्मी. म्हणून एकीचा वास दुसरीच्या नराला हाक देत नाही.

माणसाने हा वास कारखान्यात तयार केला. तो रबराच्या लहानशा गोळीत भरला. या गोळीला ल्यूर म्हणतात. ती सापळ्यात लावतात. नर फसून येतो आणि पिशवीत अडकतो. यालाच कामगंध सापळा म्हणतात.

आता आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही केमला आमच्या रानात हरभरा केला होता. दुकानातून सापळे आणले, गोळ्या लावल्या. रोज सकाळी पाहावे तर पिशवी रिकामी! आम्ही म्हटले, यंदा अळी नाही. निर्धास्त राहिलो. आठ दिवसांनी घाटे हातात घेतले. घाट्याला भोक, आत दाणा नाही. मग पाकीट शोधून काढले. त्यावर स्वच्छ छापले होते : गुलाबी बोंडअळीसाठी. ही तर कपाशीची गोळी! घाटेअळीचा नर तिच्याकडे येईलच कसा?

जन्मभर पोरांना "नीट वाचा" म्हणून सांगितले. आणि आम्हीच पाकीट वाचले नाही. किडा आपली खूण चुकला नाही, चुकलो आम्ही.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.

1. पाकिटावर किडीचे नाव वाचा. घाटेअळीच्या गोळीवर बहुधा हेलिल्यूर असे लिहिलेले असते.
2. एकरी दोन सापळे लावा. सापळा पिकाच्या वर सुमारे एक फूट असावा.
3. तंबाखूचा किंवा कांद्याचा हात गोळीला लावू नका.
4. गोळी कधी बदलायची ते पाकिटावर असते. त्या मुदतीत बदला.
5. रोज पतंग मोजा आणि वहीत लिहा. एका सापळ्यात रोज 8 ते 10 पतंग, असे दोन-तीन दिवस सारखे आले, तर सावध व्हा. झाडे तपासा आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

सापळ्याने अळी मरत नाही. सापळा फक्त वर्दी देतो. पण वर्दी वेळेवर मिळाली की शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून आपण उचलला, असे होत नाही. औषधाचा पैसा वाचतो. जीवही वाचतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. विनाकारण केलेली फवारणी किती महाग पडते, हे त्या घरांना विचारावे.

आता तुम्हाला वाचता येते. दुकानात पाकीट हातात आले की ते आधी वाचा, पैसे मग द्या.

प्रश्न

1. रातकिड्याचे कान कुठे असतात?
2. आमच्या सापळ्यात पतंग का आले नाहीत?
3. तुमच्या घरी औषधाचे किंवा बियाण्याचे पाकीट असेल. त्यावरील पिकाचे नाव वाचा आणि वहीत लिहा.