अभिक्रिया नेमकी कोठे चालते?

हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे तुम्ही पाहिले असेलच. हळद ही अल्कलीची उत्तम दर्शक आहे, आणि सांगलीच्या बाजारपेठेच्या आसपास राहणाऱ्यांना ती विकत आणण्याचीही सबब सांगता यायची नाही! तिचा उपयोग करून एक प्रयोग करू.

थोडी हळद स्पिरिटमध्ये ढवळा, टीपकागद त्यात भिजवून वाळवा. मग तो मिठाच्या पाण्याने ओला करा. बॅटरीचे चार-सहा सेल एकापुढे एक जोडा आणि दोन्ही बाजूंना टोक काढलेल्या दोन पेन्सिली तारांना जोडून त्यांची टोके कागदावर टेकवा. (घरातील विजेच्या बटणाशी हा खेळ मुळीच करू नये.) ऋण टोकाभोवती लाल ठिपका उमटेल. तेथे पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन घेतात. हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्सिल आयन मागे राहतात. लाल रंग या आयनांचा पुरावा होय.

विद्युत्-रासायनिक अभिक्रिया कोठे चालली आहे, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण खरेच पाहिले का? ठिपका हळूहळू पसरतो, कारण आयन पाण्यात विसरण पावतात. पेन्सिलीच्या टोकाचा कोणता भाग काम करतो आणि कोणता स्वस्थ बसतो, हे रंगावरून कळत नाही. सूक्ष्मदर्शकही फारसा उपयोगी नाही. साध्या प्रकाशात सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. (1 नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग.)

मग रंग सोडून विद्युत्-प्रवाहच मोजला तर? 1989 मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील ॲलन बार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाट दाखविली. द्रावणात बुडवलेले अतिसूक्ष्म विद्युत् अग्र पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवायचे आणि प्रवाह कोठे वाढतो, कोठे घटतो याची नोंद करायची.

2010 मध्ये इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात पॅट्रिक अन्विन यांच्या गटाने निराळी युक्ती मांडली. काचेची नळी तापवून ओढली, की तिचे टोक निमुळते होते. ते काही दहा नॅनोमीटर इतकेही बारीक करता येते. नळीत द्रावण भरले, की टोकाशी चिमुकला थेंब लोंबतो. हा थेंब पृष्ठभागाला टेकवायचा, प्रवाह मोजायचा, उचलायचा, शेजारी पुन्हा टेकवायचा. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे चित्र तयार होते. येथे अभिक्रिया थेंबाखालीच होते, म्हणून आपल्या लाल ठिपक्यासारखी ती पसरत नाही.

प्रवाह किती असेल? काही पिकोअँपियर, कित्येकदा त्याहूनही कमी. बॅटरीच्या बल्बातून 0.3 अँपियर वाहतो असे धरले, तर तो एका पिकोअँपियरच्या 30 हजार कोटी पट आहे. तरीही एका पिकोअँपियरमध्ये दर सेकंदाला सुमारे 62 लाख इलेक्ट्रॉन जातात!

आता पुन्हा पेन्सिलीकडे वळू. तिच्या शिशात शिसे नसते, माती मिसळलेले ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे थरांवर थर. थरांचा सपाट भाग जवळजवळ निष्क्रिय असून अभिक्रिया फक्त पायऱ्यांसारख्या कडांवर होते, अशी समजूत बरीच वर्षे रूढ होती. 2012 मध्ये वॉरिकच्या गटाने शुद्ध, ताज्या सोललेल्या ग्रॅफाइटवर बिंदू-बिंदू मोजणी केली, तेव्हा सपाट भागही जोमाने काम करताना आढळला. सोलल्यावर ते हवेत पडून राहिले, की ही क्रियाशीलता घटते, हेही दिसून आले. जुन्या मोजमापांत गोंधळ का होता, हे यावरून बरेचसे उलगडते. मला स्वतःला या साऱ्या कथेतील हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

उलट मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पापुद्र्यांवर हायड्रोजन मुख्यतः कडांवरच तयार होतो, असे अशाच मोजणीतून दिसले. पाण्यापासून हायड्रोजन मिळविताना महागड्या प्लॅटिनमला पर्याय शोधणाऱ्यांना ही माहिती मोलाची आहे: पापुद्रा मोठा करण्यापेक्षा त्याच्या कडा वाढविणे फायद्याचे.

अडचण वेळेची आहे. 100 ओळी, प्रत्येकीत 100 ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला एक सेकंद धरा: पावणेतीन तासांहून अधिक! तेवढ्या वेळात खोलीचे तापमान किंचित बदलले, तरी उपकरणाचे भाग प्रसरण पावतात आणि नळी नेमल्या जागेपासून सरकते.