मोबाइलवरचे नोकरीचे आमिष



योसेफला त्याच्या भावांनी वीस नाण्यांना व्यापाऱ्यांच्या हाती विकले, ही बायबलमधील कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसांची विक्री ही जुन्या काळातील गोष्ट, असे आपल्याला वाटते. परंतु आज हा बाजार आपल्या मुलांच्या मोबाइलपर्यंत येऊन पोचला आहे.

फेसबुक किंवा टेलिग्रामवर जाहिरात येते : थायलंडमध्ये संगणकावरचे काम, भरपूर पगार, विमानाचे तिकीट मोफत. मुलाखत फोनवरच होते. तरुण पर्यटक म्हणून बँकॉकला उतरतो. तेथून त्याला मोटारीने सीमेवरच्या माए सोत गावी नेतात आणि नदीपलीकडे म्यानमारमध्ये पोचवतात. तेथे पासपोर्ट काढून घेतात. खोट्या नावाने लोकांशी मैत्री जोडायची आणि त्यांचे पैसे लुबाडायचे, हेच त्याचे काम. नकार दिला तर मारहाण, सुटका हवी तर घरच्यांकडून खंडणी!

म्यानमारमध्ये किमान १,२०,००० माणसे अशी अडकली असावीत, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ साली म्हटले होते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना माए सोतहून मायदेशी आणले.

आपल्या अनेक घरांतील मुले परदेशी नोकरी शोधत असतात. म्हणून काही पथ्ये पाळू या :

१. एजंट सरकारमान्य आहे का, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहावे.
२. पर्यटक व्हिसावर नोकरीसाठी जाऊ नये.
३. पासपोर्टची प्रत व तेथील पत्ता घरी ठेवावा.
४. संशय आल्यास पोलिसांना वेळीच कळवावे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे. परदेशात अडकल्यास भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा.

आणखी एक गोष्ट. फसलेला मुलगा परत आला, की 'लोक काय म्हणतील' म्हणून घरचे गप्प बसतात. त्या मौनामुळे शेजारचा मुलगा त्याच जाळ्यात सापडतो. फसवणाऱ्याने लाजावे, फसलेल्याने नव्हे. अशा कुटुंबाला आपण नावे ठेवणार, की आधार देणार?

सुदानमध्ये बालपणी पळवून विकली गेलेली संत जोसेफिन बखिता हिचा सण ८ फेब्रुवारीला असतो. २०१५ पासून ख्रिस्तसभा त्या दिवशी मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना करते. आपणही प्रार्थना करू या आणि आजच जेवताना मुलांशी या विषयावर बोलू या.