मिडवे बेटावरचे पक्षी

मित्रांनो, आपल्या वर्गातल्या पृथ्वीच्या गोलावर पॅसिफिक महासागर शोधा. बोट फिरवाल तिकडे निळेच निळे दिसेल. त्यात हवाई बेटांच्या वायव्येला मिडवे नावाची बेटे आहेत. मी पुष्कळ शोधली, पण आपल्या गोलावर ती नाहीतच, इतकी लहान आहेत. होनोलुलू शहरापासून ती सुमारे २००० किलोमीटर लांब आहेत. १९४२ साली तिथल्या समुद्रात अमेरिका व जपान यांची मोठी लढाई झाली. आता तिथे अमेरिकेचे अभयारण्य आहे.

तिथे अल्बाट्रॉस हे समुद्रपक्षी लाखोंनी येतात. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे दोन मीटर भरतात. आपल्या वर्गाच्या दारातून तो पंख पसरून येऊच शकणार नाही! ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते येतात व जमिनीवरच घरटे करतात. मादी एकच अंडे घालते. नर आणि मादी आळीपाळीने दोन महिने अंड्यावर बसतात.

माणसे तिथे थोडीच राहतात, तीही कामापुरती. ती सायकलवर फिरतात. पक्षी वाटेतच बसतो, उठत नाही. मग माणूसच बाजूने जातो. दिवसा आकाश पक्ष्यांनी भरलेले असते म्हणून त्या दिवसांत विमान रात्री उतरवतात, आणि आधी धावपट्टीवरचे पक्षी बाजूला करतात. डिसेंबरात स्वयंसेवक येतात आणि ओळीने चालत एकेक घरटे मोजतात. मला वाटते, तिथे माणसेच पाहुणी आहेत.

विज्डम नावाच्या एका मादीच्या पायात १९५६ साली कडे घातले होते. तिने २०२४ साली पुन्हा अंडे घातले. ती आमच्या आजीपेक्षा मोठी आहे हे सांगितले तर आजी म्हणाली, "काहीतरीच!"

पण एक वाईट गोष्ट आहे. समुद्रात तरंगणारे प्लॅस्टिक हे पक्षी खाणे समजून गिळतात आणि तेच पिल्लाला भरवतात. मेलेल्या पिल्लांच्या पोटात बाटल्यांची बुचे, लायटर सापडले. बेटावर तर एकही कारखाना नाही. हे सगळे दूरदूरच्या देशांतून पाण्याबरोबर वाहत येते. पिल्लाला काय कळणार, आईने दिले ते खायचे.

जी पिल्ले जगतात ती जून-जुलैत उडून जातात. मग तीन-चार वर्षे ती समुद्रावरच असतात, जमिनीवर पाय ठेवत नाहीत. आणि नंतर बरोबर त्याच बेटावर परत येतात.