क्षीण वायफाय : दोष शोधण्याची रीत

ई-वे बिल, बँकेची देवघेव, करविवरण इत्यादी जी कामे पूर्वी गादीवर बसून होत, ती आता घरच्या संगणकावर होऊ लागली आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला आणि मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यास दर महिन्याची २० तारीख पाठ झाली. त्या रात्री वायफाय रुसले, तर विलंबशुल्क लागतेच, शिवाय थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याजही चढते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांवर न सोडता प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

आमच्याच घरी असा प्रसंग आला. पटनी बाजारालगतचे जुने घर. खाली पेढी, वर बिऱ्हाड. राऊटर खाली तिजोरीशेजारी आणि संगणक माडीवर. विवरण धाडताना पान मध्येच थांबे. आम्ही दोन दिवस सेवा पुरविणाऱ्या कंपनीस बोल लावला. अखेर मुलाने लॅपटॉप उचलून राऊटरपाशी नेला, आणि विवरण तत्काळ गेले! दोष कंपनीचा नव्हता, आमच्या मांडणीचा होता.

खतावणीत तफावत आली की जाणता मुनीम एकेक रक्कम ताडून पाहतो. येथेही तीच रीत चालवावी. एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याचा परिणाम कागदावर टिपून ठेवावा.

प्रथम राऊटर व संगणक यांना तारेने जोडून वेग पाहावा. तारेवरही वेग मंद असेल, तर दोष राऊटरात किंवा बाहेरच्या जोडणीत आहे. तेव्हा राऊटर बंद करून पुन्हा सुरू करावा व मग कंपनीस कळवावे. तारेवर वेग ठीक असेल, तर दोष घरातल्या लहरींचा किंवा संगणकाचा. त्याच जागी मोबाईल नीट चालतो आणि संगणक तेवढा अडतो, असे दिसल्यास संगणकाचा वायफाय ड्रायव्हर नवा करावा, वीजबचतीची सोय बंद करावी, आणि जोडणी विसरवून पुन्हा परवलीचा शब्द द्यावा. यूएसबी ३ जातीची हार्ड डिस्क वायफायच्या लहान काडीला खेटून लावली असेल, तर ती दूर करावी. तिच्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी बिघडतात.

आता लहरींचा हिशेब पाहू. त्यांचे बळ उणे अंकांत मोजतात. दर दहा अंकांस शक्ती दहापट घटते. म्हणजे उणे ५० वरून उणे ८० वर गेल्यास हजारावा भागच हाती उरतो. उणे ६७ पर्यंत सामान्य काम सुखाने चालते. उणे ८० जवळ अडखळते. जाड भिंती लहरी शोषतात. लोखंडी कपाट, तिजोरी व आरसा त्यांना परतवितात. पाण्याची टाकीही त्यांना पुष्कळ गिळते. म्हणून राऊटर घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा.

बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीपार अधिक जाते, पण तिचा वेग कमी व गर्दी फार. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. जुन्या वस्तीत शेजाऱ्यांचे राऊटर एकमेकांवर ओरडत असतात. अशा वेळी २.४ च्या पट्ट्यात १, ६ व ११ या परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्यांपैकी कमी गर्दीची निवडावी.

एवढे करूनही माडी कोरडीच राहिली, तर वर तार नेऊन तेथे दुसरे वायफाय यंत्र बसवावे. तार नेणे अशक्य असेल, तर लहर पुन्हा फेकणारे यंत्र घ्यावे. मात्र ते क्षीण खोलीत न ठेवता, जेथवर लहर चांगली पोहोचते तेथेच ठेवावे. दुबळी लहर घेऊन ते तरी पुढे काय देणार? साध्या यंत्राने वेगही सुमारे निम्मा होतो, हे ध्यानात असावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ही तपासणी महिन्याच्या आरंभी, निवांत वेळी करावी. एक लांब तार घरात जपून ठेवावी, आणि अडल्या वेळी मोबाईलचा हॉटस्पॉट कसा लावावा हे घरातील दोघांना तरी यावे. राखीव गंगाजळी बाळगणाऱ्या व्यापाऱ्यास याहून अधिक काय सांगावे?