धनराज पिल्ले आणि एकाच पार्टीवर चालणारा धंदा

नांदेडला हॉकी काही नवी नाही. गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने इथे अखिल भारतीय स्पर्धा भरते, बाहेरगावचे संघ येतात. म्हणून आजचा धडा हॉकीतून घेऊ. माणूस आहे भारताचा फॉरवर्ड धनराज पिल्ले.

धनराज पुण्याजवळच्या खडकीचे. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढले, वडील मैदानाची देखभाल करायचे. नवी स्टिक परवडायची नाही, मग मोडक्या स्टिका दोरीने बांधून भावंडं खेळायची. (भांडवल नाही म्हणून थांबलोय, असं मला सांगणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचा!) थोरले भाऊ रमेश मुंबईत खेळत होते. त्यांच्या पाठोपाठ धनराज मुंबईला गेले, महिंद्रा अँड महिंद्राच्या संघात आले आणि 1989 मध्ये भारताकडून खेळू लागले. 2004 पर्यंत 4 ऑलिंपिक आणि 4 वर्ल्ड कप खेळले. 1994 च्या वर्ल्ड कपनंतर निवडलेल्या जागतिक संघात ते एकटेच भारतीय होते.

आता मुद्द्याचं वर्ष, 1998. बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये धनराज कॅप्टन. भारताने 32 वर्षांनी हॉकीचं सुवर्ण आणलं. आणि त्यानंतर काय झालं? कॅप्टनसह 7 खेळाडूंना संघाबाहेर बसवलं. कारण दिलं, 'विश्रांती'. खेळाडूंनी मानधनाचा आणि भत्त्याचा प्रश्न काढला होता, त्याचा हा राग, असंच तेव्हा बहुतेकांनी धरलं.

माल एक नंबर, डिलिव्हरी वेळेवर, तरी पार्टीने ऑर्डर बंद केली. असं होतं. आपलं काही चुकलेलं नसतानाही होतं.

धनराजकडे भारताचा संघ ही एकच 'पार्टी' नव्हती, हे बघा. पुढे इंडियन एअरलाइन्सची नोकरी होती. कारकिर्दीत ते लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून खेळले, फ्रान्समध्ये लियाँकडून, जर्मनीत श्टुटगार्टकडून, मलेशियात आणि ढाक्यातही खेळले. कौशल्य तेच, गिऱ्हाईक वेगवेगळं.

आता तुमच्याकडे येऊ. समजा तुम्ही घरी मसाला पॅक करता. महिन्याची विक्री 1,00,000 रुपये, त्यातले 80,000 वजिराबादच्या एकाच होलसेलरकडून, दीड महिन्याच्या उधारीवर. म्हणजे कोणत्याही दिवशी तुमचे सुमारे 1,20,000 रुपये त्याच्याकडे अडकलेले. उद्या त्याचा पोरगा म्हणाला, "काका, आता लातूरची पार्टी स्वस्तात देतीय," तर मिरचीवाल्याला, कामावरच्या बायांना, बँकेच्या हप्त्याला कुठून द्याल? त्याच्यासमोर भाव वाढवायचा शब्द तरी तोंडातून निघेल का?

माझ्या मते कोणतीही एक पार्टी विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठी नको. सुरुवातीला हे जमत नाही, कबूल. पहिल्या वर्षी एकाच्याच जिवावर धंदा उभा राहतो. पण दुसऱ्या वर्षीही तेच असेल तर तो धंदा निम्मा त्याचाच.

आणखी एक. धनराजनी भारतासाठी 339 सामने खेळले, पण गोल किती? अंदाजे 170 सांगतात. अंदाजे, कारण फेडरेशनने गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही! एवढ्या मोठ्या फॉरवर्डचा हिशेब अंदाजावर. तुमचंही बिलबुक असंच असेल, तर कोणती पार्टी किती मोठी हे तुम्हाला कळणारच नाही.

म्हणून या रविवारी मागच्या 3 महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक पार्टीची बेरीज करा, सगळ्यात मोठ्या बेरजेला एकूण विक्रीने भागा, 100 ने गुणा. आकडा 33 च्या वर गेला तर पुढच्या महिन्यात 5 नवीन दुकानांत सॅम्पल द्या. छोटी दुकानं निवडा, रोखीची. उद्यम नोंदणी केली नसेल तर तीही करून घ्या, फुकट आहे. उत्पादन करणाऱ्या छोट्या उद्योजकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे.

आणि जुन्या होलसेलरशी भांडण काढून येऊ नका. धनराज रोखठोक बोलणारे, तरी 2000 ला सिडनीत आणि 2004 ला अथेन्समध्ये ते पुन्हा भारताच्याच जर्सीत होते.